४०३ उणे १६८: होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम आम्ही कसा निवडला

होमस्कूलिंग म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणं, आणि प्रोग्राम म्हणजे त्यासाठी प्रकाशकांनी तयार केलेला धड्यांचा संच. कुठलाही प्रोग्राम मागवण्याआधी आम्ही दोन गोष्टी मोजल्या. मूल प्रत्येक विषयात नेमकं कुठे आहे, आणि शिकवणाऱ्या माणसाकडे रोज खरोखर किती मिनिटं आहेत. मग गणिताचे सगळे प्रोग्राम एकाच उदाहरणावर लावून पाहिले आणि वाचनाचे एकाच मोजणीवर. माहितीपत्रकं वाचण्यात सुरुवातीचे जे दोन आठवडे गेले, त्यांतून यांतलं काहीच कळलं नव्हतं. माहितीपत्रकात सगळेच प्रोग्राम मुलाला विचार करायला शिकवतात. धड्याचं पान उघडलं की मात्र फरक लगेच दिसतो.

त्याच्याही आधी एक काम उरकून घ्यायचं, ते म्हणजे आपण राहतो तिथला कायदा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, त्यामुळे तिथे होमस्कूलिंगला जवळजवळ वावच नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कुठे नुसती सूचना द्यावी लागते, कुठे वर्षाच्या शेवटी मुलाच्या कामाची फाइल दाखवावी लागते किंवा परीक्षा द्यावी लागते. नियमात विषयांची यादी असेल, तर तुलनेची पहिली चाळणी तीच. फाइल दाखवायची असेल, तर ज्या प्रोग्राममध्ये कागदावर काहीच उरत नाही, सगळं तोंडी किंवा स्क्रीनवरच होतं, तो घेतल्यास नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि ते काम रोजचं होऊन बसतं.

आता मूल कुठे आहे ते. इथे सगळ्यांत जास्त फसगत होते ती मुखपृष्ठावरच्या इयत्तेच्या आकड्याने. एका प्रोग्रामची तिसरी दुसऱ्याच्या दुसरीइतकी सोपी असते, तिसऱ्याच्या चौथीइतकी अवघडही असते. म्हणून वयाचा आकडा बाजूला ठेवून प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मुलाची पातळी ठरवणारी चाचणी, घ्यायची. गणिताचे बहुतेक प्रकाशक ती फुकट देतात. घेण्याची पद्धत महत्त्वाची आहे. घड्याळ लावायचं नाही. एका बैठकीत संपवायची नाही, दोन सकाळी अर्धी-अर्धी घ्यायची. सूचना वाचून दाखवायला हरकत नाही, पण उदाहरण समजावून द्यायचं नाही, आणि पेन्सिल चुकीकडे वळली तरी भुवईसुद्धा उंचवायची नाही. मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतं, आणि मग जी पातळी मिळते ती त्याची नसते. ज्या पातळीच्या टेस्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर उत्तरं बरोबर येतात ती पातळी झाली असं धरून पुढची घ्यायची, हे आमचं माप होतं. दोन पातळ्यांच्या मधोमध मूल अडकलं असेल, तर खालची घ्यावी. खालच्या पातळीचे पहिले वीस धडे भराभर उरकता येतात. वरची पातळी घेऊन मागे यायचं म्हटलं, तर मुलाला ते नापास झाल्यासारखं वाटतं.

टेस्ट झाल्यावर हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे मूल सगळ्या विषयांत एकाच पातळीवर नसतं. वाचन चौथीचं, गणित तिसरीचं आणि हाताने लिहिणं दुसरीचं, असं चित्र अगदी नेहमीचं आहे. संपूर्ण इयत्तेचा एकच खोका मागवण्याच्या विरोधातलं हे सर्वांत ठोस कारण. खोक्यात सहा विषय एकाच इयत्तेचे येतात. त्यांतले दोन मुलाला सोपे पडतात, दोन झेपत नाहीत, आणि पैसे सहांचे गेलेले असतात. खोकाच घ्यायचा असेल तर गणित आणि वाचन यांची पातळी वेगळी निवडू देतात का, एवढं तरी आधी विचारून घ्यावं. बरेच प्रकाशक ते देतात, पण मागितल्यावर.

वेळेचा हिशेब कागदावर करायचा. ज्या प्रोग्राममध्ये पालकाने समोर बसून शिकवायचं असतं, त्यात प्रत्येक मुलामागे गणिताला २० मिनिटं आपली जातात. दोन मुलं म्हणजे ४०. धाकट्याचं वाचन २०, थोरल्याचं लेखन २०. दोघांना एकत्र मोठ्याने वाचून दाखवणं ३०, इतिहास किंवा विज्ञान एकत्र ३०. तपासणं २०, उद्याची तयारी १५. एकूण १७५ मिनिटं, म्हणजे तीन तासांना पाच मिनिटं कमी, आणि यात कुणी पाणी प्यायला उठलेलं नाही. हा आकडा आपल्या दिवसात बसत नसेल तर कुठलाही उत्तम प्रोग्राम दुसऱ्या महिन्यात कोसळतो. वेळ वाचतो तो एकत्र शिकवता येणाऱ्या विषयांत. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, वाचून दाखवणं हे दोन-तीन वर्षांच्या अंतराच्या मुलांना एकाच वेळी शिकवता येतं. थोरल्याकडून परिच्छेद लिहून घ्यायचा, धाकट्याकडून चित्र आणि एक ओळ. गणित आणि सुरुवातीचं वाचन मात्र एकत्र होत नाही. करायला गेलं की एक मूल कंटाळतं आणि दुसरं मागे पडतं.

धड्यांचा हिशेबही तसाच करायचा. बऱ्याच प्रोग्रामची आखणी ३६ आठवड्यांची, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १८० दिवसांची असते. आपण आठवड्याला चारच दिवस शिकवणार असू, तर हातात १४४ दिवस येतात. १७० धड्यांचं पुस्तक असेल तर २६ धडे उरतात. शिवाय दर पाच धड्यांतला एक धडा दोन दिवस खातो असं धरलं, तर १७० धड्यांना २०४ दिवस लागतात. हे आधी माहीत असलं की मार्चमध्ये हातपाय गळत नाहीत.

शिक्षणविचारांच्या पंथांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माहितीपत्रकांत तेच शब्द सारखे येतात आणि निवड करताना त्यांना वाजवीपेक्षा जास्त वजन दिलं जातं. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीत धडे छोटे, लहान मुलांसाठी १५ ते २० मिनिटांचे. रटाळ पाठ्यपुस्तकांऐवजी जिव्हाळ्याने लिहिलेली पुस्तकं वाचायची, आणि वाचून झालेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. क्लासिकल पद्धतीत लहान वयात पाठांतरावर भर, आणि इतिहास चार वर्षांच्या चक्रात: प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक काळाचा प्रारंभ, आधुनिक. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, त्यांच्या पद्धतीत साधनं मध्यवर्ती. वॉल्डॉर्फ या पद्धतीची पहिली शाळा १९१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला निघाली. तिथे एकच विषय तीन-चार आठवडे रोज सकाळी घेतात आणि वाचन उशिरा, सातव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं. अमेरिकन लेखक-शिक्षक जॉन होल्ट यांच्या विचारातून आलेल्या अनस्कूलिंगमध्ये ठरीव अभ्यासक्रमच नसतो. या पंथांची घरात सरमिसळ होते आणि ती होऊ द्यावी. गणित एका वळणाचं आणि इतिहास दुसऱ्या, याने काही बिघडत नाही. फक्त वॉल्डॉर्फमधून दुसरीकडे जाताना वाचनाचा, आणि क्लासिकल चक्रात मधूनच शिरताना इतिहासाचा सांधा जुळत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

आता गणित. तुलनेचा जवळजवळ अर्धा वेळ आम्ही इथेच घातला, आणि पुन्हा करायचं झालं तरी तेवढाच घालू. सगळ्या प्रोग्राममधून एकच धडा काढायचा: हातच्याची वजाबाकी, मध्ये शून्य असलेली. ४०३ उणे १६८. हे उदाहरण निवडण्याचं कारण असं की मुलाला एकक, दशक, शतकांची स्थानिक किंमत कळली आहे की नुसती रीत पाठ झाली आहे, हे इथे उघडं पडतं. बरोबर उत्तर २३५. ३६५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: आठातून तीन, सहातून शून्य, चारातून एक. २४५ आलं, तर गोष्ट बारीक आहे. मुलाने शतकाकडून घेतलेल्याने शून्याचे दहा केले, एककाचे तेरा केले, पण दहातला एक दशक खाली दिल्यावर तिथे नऊ उरतात हे विसरलं. दोन्ही चुकांना वेगळं औषध लागतं. शिक्षक पुस्तिका या चुका ओळखायला शिकवते की नुसती उत्तरं देते, हा आमचा पहिला प्रश्न. नुसती उत्तरं देणारी पुस्तिका ज्या पालकाचं स्वतःचं गणित पक्कं आहे त्याला चालते, इतरांना नाही.

ठोकळ्यांवरून शिकवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा धडा असा जातो. टेबलावर शतकाच्या चार पाट्या, दशकाची जागा रिकामी, तीन सुटे. आठ काढायचे आहेत, तीनच आहेत. शेजारी मागायला जावं तर शेजार रिकामा. मग एक पाटी मोडून दहा दांड्या, त्यांतली एक दांडी मोडून दहा सुटे. आता तीन पाट्या, नऊ दांड्या, तेरा सुटे. मुलाचा हात त्या नऊ दांड्यांवरून फिरतो तिथे २४५ ची चूक मुळातच जन्म घेत नाही. चांगला प्रोग्राम हे दोन-तीन दिवस हाताने करवतो, मग कागदावर चौकोन-रेघा-टिंबं काढवतो आणि नंतरच आकड्यांवर येतो. १९८० च्या दशकात सिंगापूरमध्ये तयार झालेल्या गणिताच्या पुस्तकांनी हाच क्रम जगभर नेला: आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह. त्यामागे मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा विचार आहे. शाब्दिक उदाहरणांसाठी पट्ट्यांची आकृती काढणं ही त्याच पुस्तकांची मोठी देणगी, आणि ती इतर कुठलाही प्रोग्राम घेतला तरी उसनी घ्यावी. या वळणाच्या प्रोग्राममध्ये गडबड होते ती पालकाच्या घाईने. कार्यपुस्तिकेत चित्रं छापलेलीच असतात, त्यामुळे वस्तूंचा टप्पा गाळून सरळ कार्यपुस्तिका हातात दिली जाते. शिक्षक पुस्तिका न घेता फक्त कार्यपुस्तिका घेणं ही इथली नेहमीची चूक. धडा शिक्षक पुस्तिकेत असतो, कार्यपुस्तिकेत फक्त सराव असतो.

दुसरं वळण मास्टरीचं, म्हणजे एक विषय पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मॅथ-यू-सी हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात आल्फा पातळीत एकअंकी बेरीज-वजाबाकी, बीटामध्ये अनेक अंकी, गॅमात गुणाकार, डेल्टात भागाकार, एप्सिलॉनमध्ये अपूर्णांक, झीटात दशांश. हातच्याच्या वजाबाकीला तिथे कितीतरी दिवस मिळतात. अवघड कल्पनेवर ठिय्या मारून बसावं लागणाऱ्या मुलाला हे मानवतं. पण याची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. एक, वर्षभर अपूर्णांकांचा विषय न निघाल्याने मूल मध्येच शाळेत गेलं किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळलं, तर ते एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत वर्षभर मागे दिसतं. ते मागे नसतं, त्या प्रोग्रामच्या क्रमात तो विषय अजून आलेलाच नसतो. दोन, उजळणीची पानं गाळली की महिन्याभरात आधीचं पुसट होतं. म्हणून मास्टरीचा प्रोग्राम पाहताना प्रत्येक धड्याच्या शेवटी मागच्या धड्यांची मिश्र उजळणी किती पानं आहे ते मोजायचं. धड्यामागे एकही पान नसेल, तर ती आपल्याला बनवावी लागणार.

तिसरं वळण स्पायरल, म्हणजे त्याच विषयांकडे फिरून फिरून येणारं. सॅक्सन मॅथ सगळ्यांत परिचित. नवी कल्पना रोज थोडीशी, आणि मग सुमारे ३० उदाहरणांचा मिश्र संच, ज्यात आजचं अगदी थोडं आणि बाकी सगळं आधीच्या आठवड्यांचं. वजाबाकीचा हा धडा एका दिवसात संपतो, पण पुढे कित्येक आठवडे रोज एखादं उदाहरण भेटत राहतं. विसरणाऱ्या मुलांना याचा खरा फायदा होतो. थोडंथोडं अंतर राखून केलेली उजळणी एकदम केलेल्या सरावापेक्षा जास्त टिकते, हे स्मृतीवरच्या संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. पण इथे एक फार मोठा खड्डा आहे. मूल ३० उदाहरणांनी दमतं, मग पालक सम क्रमांकांची उदाहरणं गाळतो. मास्टरीच्या पानावर वीसही उदाहरणं एकाच प्रकारची असतात, तिथे अर्धी गाळली तर काही बिघडत नाही. मिश्र संचात प्रत्येक प्रकाराचं एक किंवा दोनच उदाहरण असतं. तिथे अर्धी गाळणं म्हणजे अर्धे विषय गाळणं, आणि ते दोन महिन्यांनी चाचणीत कळतं. मूल दमत असेल तर संच दोन बैठकींत करावा, निम्मी उदाहरणं तोंडी घ्यावीत, लिहून आपण द्यावीत, पण गाळू नयेत.

आमचा कल ठोकळे-चित्र-आकडे या वळणाकडे झुकला, कारण शिकवणाऱ्याकडे समोर बसायला वेळ होता आणि मुलांना रीत पाठ होती पण अंकांची स्थानिक किंमत कळत नव्हती. समोर बसायला वेळ नसता आणि मूल स्वतः वाचून शिकणारं असतं, तर आम्ही स्पायरल घेतलं असतं. दोन्ही एकदम घ्यायचं नाही. दोन गणितं समांतर चालवणाऱ्या घरांत दोन्हींचे क्रम एकमेकांना छेदतात, एकात भागाकार आला तेव्हा दुसऱ्यात गुणाकार सुरू झालेला नसतो, आणि मुलाला एकाच गोष्टीच्या दोन रिती एकाच महिन्यात भेटतात.

ऑनलाइन प्रोग्रामबद्दल एकच पण महत्त्वाचं. तपासण्याचा वेळ वाचतो, ही त्यांची मोठी सोय. पण चार पर्यायांतून निवडायचं असलं की मूल उत्तर काढण्याऐवजी नको ते पर्याय खोडायला शिकतं. स्क्रीनवर ८५ टक्के दिसतात आणि कोऱ्या कागदावर तेच उदाहरण सुटत नाही. रोज शेवटी एक उदाहरण कागदावर, पायऱ्यांसकट, एवढी अट घातली तर ऑनलाइन गणित चालतं.

वाचनाची मोजणी सोपी आहे आणि तिने निम्मी नावं एका संध्याकाळीत गळतात. आपण इंग्रजी वाचनाचे प्रोग्राम पाहतोय असं धरा. इंग्रजीत २६ अक्षरं आणि सुमारे ४४ ध्वनी, एकाच ध्वनीची अनेक स्पेलिंग. म्हणून कुठलं स्पेलिंग आधी आणि कुठलं नंतर याचा पक्का क्रम हवा. विसाव्या धड्याची गोष्ट घ्यायची, तिच्यातले १०० शब्द मोजायचे, आणि त्या धड्यापर्यंत न शिकवलेलं स्पेलिंग ज्या शब्दात आहे त्याभोवती पेन्सिलने गोल करायचा. दहापेक्षा जास्त गोल झाले, तर तो प्रोग्राम मुलाला वाचायला नव्हे, अंदाज बांधायला लावतोय. सूचनांमध्ये ‘चित्र पाहून शब्द ओळख’, ‘पहिलं अक्षर पाहून काय असेल सांग’ असं दिसलं, तरी तेच. असं मूल पहिली दोन वर्षं छान वाचतंय असं वाटतं. चित्रं कमी झाली आणि शब्द लांबले की ते अडखळतं, आणि तोवर अंदाजाची सवय हाडीमाशी खिळलेली असते. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली दिलेल्या अहवालात वाचनाचे पाच भाग सांगितले: शब्दातले ध्वनी वेगळे ऐकू येणं, अक्षर-ध्वनीचं नातं, ओघ, शब्दसंग्रह, आकलन. पाचही भागांना प्रोग्राममध्ये जागा आहे का, ही दुसरी तपासणी. अमेरिकन डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगम यांच्या पद्धतीवर बेतलेले प्रोग्राम पायरीपायरीने जातात, डोळे, कान आणि हात तिन्ही वापरतात, आणि वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम निवडले जातात. त्यांचा खर्च वेळेत आहे: रोज २० मिनिटं, समोरासमोर, कार्डं आणि अक्षरं छापलेल्या छोट्या चौकोनी फरश्या मांडून. फरश्या हरवतात. झाकणाच्या डब्यात मोजून ठेवाव्यात.

इंग्रजीचा हा आराखडा मराठी वाचनावर जसाच्या तसा बसवू नये. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं कितीतरी सरळ आहे, अडचण दुसरीकडे आहे: मात्रा, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, आणि ‘चोच’मधला च व ‘चिमणी’मधला च. बिनमात्रेचे शब्द, मग एकेक मात्रा, मग जोडाक्षरं असा क्रम धरला तर विकतच्या प्रोग्रामशिवायही काम होतं. मात्र त्याचा वेळ रोजच्या हिशेबात वेगळा धरावा लागतो, नाहीतर मराठी सगळ्यांत शेवटी आणि दमलेल्या मुलाच्या वाट्याला येते.

विज्ञान आणि इतिहास यांना प्राथमिक वयात एवढं खल करण्याची गरज नाही. दोनच गोष्टी पाहायच्या. होमस्कूलिंगचे अनेक प्रोग्राम धार्मिक भूमिकेतून लिहिलेले असतात. ती भूमिका आपल्याला हवी असो वा नसो, घेण्याआधी माहीत असावी. विज्ञानात पृथ्वीचं वय आणि उत्क्रांती ही प्रकरणं, आणि इतिहासात मानवाच्या आरंभाचं प्रकरण उघडलं की पाच मिनिटांत कळतं. दुसरं, प्रयोगांच्या साहित्याची यादी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र दिली आहे की प्रत्येक धड्यात विखुरली आहे. विखुरलेली असेल तर निम्मे प्रयोग साहित्याअभावी राहतात.

नमुन्याचे धडे मागवताना पहिले तीन घेऊ नयेत. ते मागच्या इयत्तेच्या उजळणीचे आणि सगळ्यांत गोजिरे असतात. पुस्तकाच्या दोन-तृतीयांशावरचा धडा मागायचा, म्हणजे १२० धडे असतील तर ऐंशीच्या आसपासचा. तिथे पानावर अक्षर किती बारीक होतं, लिहायला जागा किती उरते, एका धड्यात किती नव्या गोष्टी येतात, ते कळतं. निवडीत उरलेल्या दोन प्रोग्रामचे नमुने मग मुलाबरोबर प्रत्येकी पाच दिवस चालवायचे, मध्ये आठवड्याची सुट्टी न ठेवता. वहीत रोज चारच नोंदी: मिनिटं किती लागली, मूल कुठे थांबलं, शिकवणारा जास्त बोलला की मूल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न सांगता दिलेल्या पाच उदाहरणांपैकी किती आली. ही शेवटची नोंद सगळ्यांत बोलकी. ज्या दिवशी मूल हसतखेळत शिकलं त्याच्या दुसऱ्या सकाळी पाचांतली दोनच येतात, आणि जिथे थोडी कुरकुर झाली तिथली चार येतात, असं घडतं. मुलाला काय आवडलं हे विचारावं, पण निर्णय त्या पाच उदाहरणांवर सोडावा.

कुरकुरीचं कारण शोधताना गणित आणि हात वेगळे करावे लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलाची बोटं लवकर दुखतात. गणिताच्या पानावर डोळ्यांत पाणी आलं, की तेच पान दुसऱ्या दिवशी मुलाने तोंडी सोडवायचं आणि आकडे आपण लिहायचे. पाणी थांबलं तर प्रोग्राम बदलायचं कारण नाही, पांढरा फळा, मोठ्या चौकटींची वही आणि कमी लिखाण एवढ्याने भागतं. थांबलं नाही तर पातळी वरची आहे.

मागवताना होणाऱ्या चुका साध्या पण महागात पडणाऱ्या असतात. शिक्षक पुस्तिका जुन्या आवृत्तीची आणि कार्यपुस्तिका नव्या, असं झालं की पान क्रमांक आणि उत्तरं जुळत नाहीत. सेकंडहँड घेताना मुखपृष्ठावरून नव्हे, आतल्या पानावरच्या आवृत्तीवरून खात्री करावी. लिहून संपणारी पुस्तकं कोणती आणि टिकणारी कोणती ते वेगळं काढावं, म्हणजे दुसऱ्या मुलासाठी नेमकं काय पुन्हा घ्यावं लागेल ते समजतं. डिजिटल फाइल घेतली तर एका कुटुंबापुरत्या प्रती काढायची परवानगी आहे का, ते वाचावं. दरवर्षी वर्गणी भरायचा प्रोग्राम पहिल्या वर्षी स्वस्त वाटतो, पाच वर्षांचा आणि सगळ्या मुलांचा हिशेब वेगळा निघतो. दुसऱ्या देशात बनलेलं गणित असेल तर नाणी, इंच-फूट आणि पौंड यांचे धडे किती आहेत ते मोजावं. ते गाळून मापनाचं एक स्वतंत्र प्रकरण आपलं जोडावं. आणि पहिल्यांदा अर्ध्या वर्षाचंच मागवावं.

प्रोग्राम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बदलण्याची ऊर्मी येतेच. नवेपण संपलेलं असतं आणि सवय अजून लागलेली नसते. आम्ही सहा आठवड्यांचा नियम धरला. सहा आठवडे झाल्याशिवाय बदल नाही, आणि बदल करायचा तर कारण एका वाक्यात वहीत लिहायचं. ‘कंटाळा येतो’ हे कारण पुरत नाही. ‘सलग दहा धड्यांत दुसऱ्या दिवशी पाचांतली तीनसुद्धा येत नाहीत’ हे पुरतं. ‘धडा २० मिनिटांचा लिहिलाय आणि रोज ४५ लागतात’ हेही पुरतं. वर्षात दोनदा गणित बदललेल्या मुलाला काही गोष्टी तीनदा शिकवल्या जातात आणि काही एकदाही नाही. बदललाच, तर नव्या प्रोग्रामची प्लेसमेंट टेस्ट पुन्हा घ्यायची. जुन्यात साठाव्या धड्यावर होतो म्हणून नव्यातही साठाव्यावर, असं करू नये.

शिक्षक पुस्तिकेच्या समासात प्रत्येक धड्यापुढे पेन्सिलने लिहायचं: किती दिवस लागले, कुठलं उदाहरण अडलं, ठोकळे लागले की नाही. मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीपुढे आमच्या पुस्तिकेत ‘४ दिवस, ५०० – २३७ ला पुन्हा दांड्या’ असं लिहिलेलं आहे. धाकट्याची पाळी येईल तेव्हा तिथे चार दिवस राखून ठेवता येतील.